देवाचा होकार

देवाने माझ्याशी बोलावं असं मला हल्ली फार वाटतं. भक्ती वगैरे काही नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली विकून डोंबिवलीला जायचं की लालबागातच राहायचं, एवढंच विचारायचंय. खरं तर विचारायचंही नाही. उत्तर तयार आहे: लालबाग. फक्त ते देवाकडून आलेलं हवं. म्हणजे हिला सांगता येईल, "अगं, माझी काही हरकत नव्हती, पण देवाच्या शब्दाबाहेर कसं जायचं?" डोंबिवलीला हिचं माहेर आहे. देवाहून खालच्या अधिकाऱ्याची सही तिथे चालत नाही.

आम्ही कोकणातले, तेव्हा आधी कौल. तोही व्हिडिओ कॉलवर. गुरवांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझो झील मुंबैक ऱ्हवता..." मागून चुलत्यांचं "व्हय म्हाराजा!" उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. मी म्हटलं, रेंज गेली होती, परत लावा. परत डावी. मग म्हटलं, आपला प्रश्नच चुकतोय, 'लालबाग सोडू नको ना?' असं विचारून बघा.

"देवाक कोड्यात घालतास काय?" म्हणत गुरवांनी फोन ठेवला.

तुकोबांच्या स्वप्नात पांडुरंग नामदेवांना बरोबर घेऊन आले. आले ते काय सांगायला? तर नामदेवांच्या अभंगांची संख्या अपुरी राहिली आहे, ती तू पुरी कर. म्हणजे कामच लावलं! घर, जागा, नोकरी, कशाबद्दल अवाक्षर नाही. हे आठवलं की देव गप्प आहे तेच बरं वाटतं. उद्या खरंच बोलला आणि म्हणाला, "मेव्हण्याकडून घेतलेले पैसे आधी परत कर," तर? मेव्हणाही डोंबिवलीलाच राहतो.

तरी अपील म्हणून मंगळवारी सिद्धिविनायक गाठला. ही म्हणाली, "चला, मीपण येते." देऊळ 1801 सालचं, सोंड उजवी, म्हणजे मामला कडक. गाभाऱ्यासमोर चांदीचे दोन मोठे उंदीर. एका कानात सांगायचं आणि दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर मागणं आरपार जातं म्हणे. जो तो उंदराच्या कानाला तोंड लावत होता. त्याच्या तोंडाला कान लावणारा एकही दिसला नाही. मी तरी का लावू? उगाच तो काही बोलला म्हणजे!

मी माझा पत्ता पिनकोडसकट सांगितला आणि मान वर केली, तर ही दुसऱ्या उंदराच्या कानाशी. मागच्या बाई "आटपा हो" म्हणत होत्या, पण हिचं तपशीलवार चाललं होतं. मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला: "ईस्ट."