तटबंधांबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

‘तटबंध नसते तर उत्तर बिहार दरवर्षी बुडाला असता, आणि नेदरलँड्स तर बांधांवरच उभा आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. तटबंधांनी, म्हणजे नदीकाठच्या लांबच लांब बांधांनी, कित्येक गावं वाचवली हे मला मान्य आहे. ते फोडून टाका असं मी म्हटलेलं नाही. माझा राग आहे तो त्यांच्यावरच थांबलेल्या धोरणावर.

१९५४च्या पुरानंतर तेव्हाचे केंद्रीय मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी संसदेत राष्ट्रीय पूर धोरण मांडलं. तेव्हा बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि २५ लाख हेक्टर जमीन पूरप्रवण होती. पुढे तटबंध साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोचले, आणि पूरप्रवण जमीन ६८ लाख हेक्टरांवर. सगळी वाढ तटबंधांमुळेच झाली असं नाही. पण इतकं बांधूनही आकडा खाली का आला नाही, हे विचारायला नको?

उत्तर बिहारमधली कोसी नदी हिमालयातून अफाट गाळ आणते. पूर्वी तो शेतांवर पसरायचा, आता दोन तटबंधांमध्येच साचतो आणि पात्र वर चढत जातं. तटबंधांच्या बाहेर पडलेल्या पावसाला नदीत उतरायला वाट उरत नाही, म्हणून तिथे महिनोन्महिने पाणी तुंबतं. १८ ऑगस्ट २००८ला नेपाळमधल्या कुसहाला तटबंध फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकसुद्धा (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी नव्हतं. कोसीवरचा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला! आणि दोन तटबंधांच्या आत राहणाऱ्या शेकडो गावांचं काय? त्यांना तुमच्या हिशेबात कुठे धरायचं?

नेदरलँड्सचंच बघा. १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर त्यांनी नदीला जागा द्यायचं ठरवलं; नायमेखनजवळ वाल नदीचा बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे घेतला.

आपल्याकडे पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर मर्यादा घालणारा नमुना कायदा केंद्रानं १९७५मध्येच राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामांना आळा घालणारी निळी आणि लाल पूररेषा आहे, तरी २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं ते अनेक ठिकाणी नदीलगतच्या नव्या वस्त्यांत. तटबंध हा राज्यांचा विषय आहे, पण पूरनियंत्रणाला केंद्राचा पैसाही लागतो. तो देताना केंद्रानं राज्यांना पूरक्षेत्राचा कायदा करण्याची अट घालावी, एवढी माझी मागणी आहे. तिच्यावर तुमचा आक्षेप असेल तर जरूर लिहा.