पुण्याचा क्लब दिल्लीला कसा पोचला

हैदराबाद एफसी हा फुटबॉल क्लब आता हैदराबादचा राहिला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. नाव बदललं, बोधचिन्ह बदललं, मैदान बदललं. कोल्हापुरात यावर फारशी चर्चा झाली नाही, पण मला ही बातमी मनाला लागली. कारण आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, ती जागा मुळात आपल्या पुण्याची.

एफसी पुणे सिटी २०१४ ला लीगबरोबरच सुरू झाला. पहिल्याच मोसमात फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू त्रेझेगे बालेवाडीत खेळला. २०१७-१८ ला संघ उपांत्य फेरीत पोचला. इथून गाडी करून सामने बघायला जाणारे आम्ही काही जण होतो. पैशाचं गणित बिघडलं, २०१९ ला क्लब बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. तिथं त्यांनी २० मार्च २०२२ ला गोव्यातल्या फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या मोसमात संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेला. दोनच वर्षांत त्याच क्लबमध्ये खेळाडूंचे पगार थकले आणि २०२३-२४ ला संघ तळाला गेला. मग नवे मालक आले, आणि आता दिल्ली.

दिल्लीचं तरी काय वेगळं? दिल्ली डायनामोज २०१४ पासून होता. देल पिएरो, रॉबर्टो कार्लोस, मालुदा असे परदेशी नामवंत तिथं खेळले. २०१९ ला तो क्लब भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. ज्यांनी पाच मोसम डायनामोजसाठी घसा कोरडा केला, त्यांना आता दुसऱ्या गावाहून आलेला संघ आपला म्हणायला सांगतायत. आणि ज्या हैदराबादनं रहीमसाहेबांसारखा प्रशिक्षक दिला, १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघाला खेळाडू दिले, त्या शहराकडं आज आयएसएलचा संघ नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मालकानं लीगमध्ये खेळायचा हक्क विकत घेतलेला असतो. तो त्यानं विकावा, दुसरीकडं न्यावा, धंदा आहे. पण नाव, रंग, बोधचिन्ह आणि जिंकलेले करंडक हे त्या शहराचं असतं. घर विकताना देव्हारा कुणी विकत नाही.

हे होऊ शकतं, झालेलं आहे. लंडनमधला विम्बल्डन एफसी. १९८८ ला लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप ही इंग्लंडची मोठी स्पर्धा जिंकलेला क्लब. त्याच्या मालकांना तो मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायचा होता. २८ मे २००२ ला तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. समर्थक नुसते बोंबलत बसले नाहीत. त्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला माळावर खुली चाचणी घेतली. नवव्या पातळीच्या लीगपासून सुरुवात केली, तेही दुसऱ्याच्या मैदानावर. २०११ ला ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आले. २०२० ला प्लाव लेनवर, जुन्या मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, स्वतःचं स्टेडियम बांधून परतले. क्लबची मालकी आजही समर्थकांच्या ट्रस्टकडं आहे.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती २००७ ची. एमके डॉन्सनं, म्हणजे हलवलेल्या क्लबनं, विम्बल्डनच्या इतिहासावरचा दावा सोडला. १९८८ च्या एफए कपची प्रतिकृती आणि बाकीच्या वस्तू मर्टन या विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडं सुपूर्द केल्या. त्यासाठी पाच वर्षं भांडावं लागलं, पण करंडक ज्या गावाचा होता त्या गावात गेला.

हे वाचून आपल्याकडचा माणूस म्हणेल, आमच्याकडं असं होणारच नाही. बरोबर आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही कोल्हापूरच्या संघांची नावं कोण कुठं नेणार? संघ तालमीचा, तालीम पेठेची, वर्गणी पेठेची. मालकच नाही तर विकणार कोण? शाहू स्टेडियमवर केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगला भर दुपारच्या उन्हात जी गर्दी होते, ती कुठल्या जाहिरातीनं होत नाही. बाप ज्या संघाकडून ओरडला त्याच संघाकडून पोरगं ओरडतं. ही खरी श्रीमंती आहे, आणि ती जपायची तर हुल्लडबाजी थांबवली पाहिजे. दगडफेकीनं सामना बंद पडतो तेव्हा आपणच आपल्या संघाला मैदानाबाहेर काढतो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. पेठेच्या वर्गणीवर खेळाडूचं करिअर उभं राहत नाही. अनिकेतला लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं, मग पुढचा रस्ता सापडला. आपल्याकडं तशी गुणी पोरं दरवर्षी दिसतात आणि पंचविशीच्या आत पोटापाण्याला लागतात. त्यामुळं ‘कोल्हापूरचा संघ मोठ्या लीगमध्ये पाहिजे’ ही मागणी कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येते. माझीही तीच इच्छा आहे.

फक्त उद्या कुणी पैसेवाला कोल्हापूरचं नाव घेऊन संघ काढायला आला, तर आपण हार घेऊन पळायच्या आधी कागद बघितला पाहिजे. नाव आणि बोधचिन्ह मालकाच्या कंपनीच्या नावावर नको, केएसएसारख्या इथल्या संस्थेच्या नावावर नोंदवा. संघ हलवायचा असेल तर ते इथंच ठेवून जा, अशी अट करारात घाला. समर्थकांना वर्गणी भरून सभासद होता आलं पाहिजे आणि सभासदांना मत पाहिजे. जर्मनीत क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडं ठेवायचा नियम आहे, आपण निदान नाव बदलण्यापुरता नकाराचा हक्क मागू. आणि तेरा, पंधरा, अठरा वर्षांखालचे संघ पहिल्या वर्षापासून कोल्हापुरातच चालले पाहिजेत, त्यात तालमींची पोरं पाहिजेत.

तालमींचे पदाधिकारी, केएसएचे सभासद, जुने खेळाडू यांच्यापैकी जे कुणी हे वाचत असतील त्यांनी यावर जरूर लिहा. करार समोर येईल तेव्हा वेळ गेलेली असेल, म्हणून हे आत्ता बोलायला हवं.