“कॅमेरा मागितला, माईक गळ्यात मारला” या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की व्लॉगसाठी कॅमेरा घ्यायला दारव्ह्याला आमच्याकडे आलात, आम्ही कॅमेरा सोडून दोन माईकचा वायरलेस सेट गळ्यात मारला, आणि त्यातही नुसती खरखर येते. पैसे तुमचे गेले, राग येणारच. पण कॅमेऱ्याबद्दल तेव्हा जे बोललो तेच आजही सांगीन.

तुमचा पोळ्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तोरणाखाली उभ्या जोड्या, शिंगांचे बेगड, झुली, सगळं सुरेख आलंय, अन् ते तुमच्या फोननंच. पण आजोबा झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं कवन, म्हणतात तिथं ढोल ऐकू येतो, गर्दी ऐकू येते, झडती मात्र नाही. आपल्याकडच्या पोळ्यात झडतीच गेली तर राहिलं काय? महागडा कॅमेरा असता तरी हेच झालं असतं, कारण त्याचा माईकही आजोबांपासून तेवढाच लांब राहिला असता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. एक माईक तुमच्या कॉलरला होता. दुसरा आजोबांच्या सदऱ्याला, छातीशी लावायला हवा होता. सेट दोन माईकचा दिला तो त्यासाठीच.

खरखरीचं म्हणाल तर व्हिडिओत माईक उघडाच दिसतो. डबीत केसाळ टोपी आहे, ती लावा. वारा थेट जाळीवर आदळतो म्हणून खरखर होते. केसांमध्ये त्याचा जोर मोडतो. फोमची टोपी घरात पुरते, वावरात नाही. माईकवर दुपट्टाही घासू देऊ नका. एकदा रेकॉर्ड झालेली खरखर नंतर ॲपमधून काढायला गेलं तर बोलणंही पातळ होतं.

ब्लूटूथ नेकबँडवर भागलं असतं, असंही तुम्ही म्हणता. नसतं भागलं. त्याचा माईक चालू झाला की फोन बहुतेक वेळा कॉलच्या मोडवर जातो, अन् व्हिडिओतला आवाज फोनवर बोलल्यासारखा बसका येतो.

कॅमेरा आम्ही मागवून देतो, आजही देऊ. रात्रीचं भजन, लांबचे पक्षी, तिथं फोन खरंच कमी पडतो. फक्त बाहेरचा माईक लावायची सोय असलेलाच घ्या. वायरचा माईक जोडणार असाल तर पिन बघा: कॅमेऱ्याच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाईलच्या पिनवर तीन. अदलाबदल झाली तर आवाज येईलच असं नाही.

बाजाराच्या दिवशी फोन अन् डबी घेऊन या. दुकानासमोर वाऱ्यात उभं राहून टोपी लावून अन् काढून, दोन्ही रेकॉर्ड करू. टोपी लावूनही खरखर राहिली तर सेट बदलून देतो. बिल नसलं तरी चालेल, नोंद आमच्याकडे आहे.