कॉव्हेन्ट्रीची बुचर रो बॉम्बने पडली नाही

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या एका जुन्या गल्लीचा फोटो सध्या फिरतो आहे. खाली ओळ आहे : 'ही मध्ययुगीन घरं जर्मन बॉम्बनी एका रात्रीत संपवली.' गल्ली खरी आहे, ती बुचर रो. पण ती १९३६ सालीच, म्हणजे युद्ध सुरू होण्याआधी तीन वर्षं, तिथल्याच नगरपालिकेने पाडली.

कारण होतं रहदारी. सायकली आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे गाव भराभर वाढलं होतं आणि मध्यभागात मात्र जुनेच बोळ. लाकडी सांगाड्याची घरं, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले. ते सगळं काढून ट्रिनिटी स्ट्रीट केला, १९३७ मध्ये तो खुला झाला. त्याच रस्त्यावर मग एक नवी इमारत उभी राहिली, मुद्दाम जुन्या लाकडी घरांच्या धर्तीवर! खरी घरं पाडून त्यांची नक्कल बांधली, हे मला बॉम्बइतकंच लागतं.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीचा हल्ला भीषणच होता. पाचशेहून अधिक माणसं गेली, कॅथेड्रल जळून बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला. त्यात जुनी घरंही गेली, यात वाद नाही. पण सगळी नाही. उरलेल्यांपैकी कित्येक युद्धानंतरच्या नव्या आखणीत पाडली गेली. काही घरांचे वासे सुटे करून ती स्पॉन स्ट्रीटवर पुन्हा जोडली. तिथे ती आजही बघता येतात, मूळ तिथल्याच जुन्या घरांच्या शेजारी.