वजडी कुणाच्या घरची

2025 च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीसह काही महानगरपालिकांनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश काढले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस वाद चालला. एक दिवस मटण खाल्ले नाही तर काय बिघडते, असे काहींचे म्हणणे होते. आमच्या ताटात काय असावे हे पालिकेने का ठरवावे, असे बाकीच्यांचे. मी या दुसऱ्यांपैकी आहे आणि मी तसे लिहिलेही. परंतु जपानमधल्या ओसाकात अकरा वर्षे काढल्यानंतर मला या वादात एक मोठी जागा रिकामी दिसू लागली आहे. दोन्ही बाजू ज्याबद्दल बोलत होत्या ते खांद्यामांडीचे, तोलून घेतलेले मटण होते. वजडी (जठर-आतडी), रक्ती (रक्त), मुंडी (डोके) यांचा उल्लेख कुणी केला नाही, आणि चान्यांचा, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचा, तर नाहीच.

ओसाकात जनावराच्या आतल्या भागांना ‘होरुमोन’ म्हणतात. हा शब्द ‘होरु मोनो’, म्हणजे टाकून द्यायची वस्तू, यावरून आला असे इथली मंडळी हमखास सांगतात. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, पण सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. त्सुरुहाशी या कोरियन वस्तीतल्या निखाऱ्यांच्या खानावळीत गेले की यादीत गाईच्या चारही जठरांना वेगवेगळी नावे दिसतात. पहिले ‘मिनो’, म्हणजे गवताचे इरले, कारण कापून पसरले की ते तसे दिसते. दुसरे ‘हाचिनोसु’, म्हणजे पोळे. तिसरे ‘सेनमाई’, म्हणजे हजार पाने. चौथे ‘गिआरा’. ज्या भाषेत जठराच्या प्रत्येक कप्प्याला नाव आहे, तिथे कुणीतरी ते कप्पे पिढ्यान्‌पिढ्या हाताने धुतले असणार, हे मला पहिल्याच दिवशी जाणवले, कारण आमच्या सोलापूरच्या परसात आजी वजडी धुवायची ते मी पाहिले होते. चुना लावायचा, कढत पाणी ओतायचे, काळा पापुद्रा सुरीच्या पाठीने खरवडायचा, आणि मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचे. तास-दीड तास सहज जाई. ती शिजायची मात्र परसातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि त्या दिवशी पाहुणा येणार असेल तर बेत बदलायचा.

दक्षिण ओसाकाची खासियत म्हणजे ‘कासु-उदोन’; उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. गाईची आतडी तिच्याच चरबीत मंद आचेवर पाणी आटेपर्यंत तळतात. चरबी निथळून काढल्यावर जो कुरकुरीत तपकिरी भाग उरतो त्याला ‘आबुराकासु’, म्हणजे तेलाचा गाळ, म्हणतात. हे तुकडे उदोनच्या नितळ रश्शात घालतात. पहिला घास कुरकुरीत लागतो, नंतर तुकडा रस्सा पिऊन फुगतो, पृष्ठभागावर चरबीचे बारीक डोळे उठतात आणि साध्या रश्शाला अशी खोली येते की वाडगा संपेपर्यंत मान वर होत नाही. आता हा पदार्थ रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानांतून मिळतो आणि तरुण मुले रांग लावून खातात.

हा गाळ कुणाच्या घरचा, हे मात्र त्या दुकानांच्या फलकावर नसते. मला ते कामावरच्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितले, तेही आम्ही दोघेच असताना आणि आवाज खाली आणून. आबुराकासु हे बुराकु वस्त्यांचे अन्न आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, जनावरे कापणे ही कामे ज्यांच्या वाट्याला दिली आणि त्याच कामांसाठी ज्यांना अपवित्र ठरवले, त्या लोकांचे. 1871 मध्ये सरकारने फर्मान काढून हा दर्जा कागदावर रद्द केला; 1922 मध्ये या समाजाने क्योतोत ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभी केली; आणि तरीही 1975 मध्ये उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, उमेदवार कुठल्या वस्तीतला हे नोकरी देण्याआधी तपासता यावे म्हणून. भेदभाव दूर करण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला तो 2016 मध्ये. ते ऐकताना मला पुण्यात घर शोधतानाचे दिवस आठवले, जेव्हा भाडे सांगण्याआधी घरमालक आडनाव विचारीत असत आणि त्यानंतर “नॉनव्हेज करता का?” असे. दोन्ही प्रश्न एकच होते.

आबुराकासु पाहिले की मला चान्या आठवतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर कडक वाळवायच्या आणि पुढे अडीअडचणीला निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात घालून खायच्या. शीतकपाट नसलेल्या आणि मांस रोज विकत घेणे न परवडणाऱ्या घरांनी, इथे आणि तिथे, एकमेकांना न पाहता तोच विचार केला. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या अंगणात अशी दोरी होती. शाळेतून येताना त्या गल्लीने यायचे नाही, असे आजीने आम्हाला बजावले होते. हीच आजी चार घरे सोडून स्वतः वजडी खरवडत होती. तिला मी कधी विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.

परदेशातली आमची मराठी मंडळी होरुमोनचे फोटो हौसेने गावी पाठवतात, आणि आत्या कौतुकाने लिहिते, “बाळा, तू तर काहीही खातोस हो!” त्याच गटावर चान्यांचा फोटो टाकला तर काय होईल, हे मला ठाऊक आहे. तरीही जपानने केले तसे आपण करावे, असे मला म्हणवत नाही. तिथे पदार्थाला बाजार मिळाला, पण ज्यांनी तो घडवला त्यांचे नाव वाटेत गळून पडले. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि ज्यांच्या अंगणात चान्या वाळत अशा असंख्य दलित घरांनी स्वाभिमानाने ते सोडले. त्या सोडण्यामागचा निर्धार ज्याला कळत नाही, त्याने आज एखाद्या महागड्या हॉटेलात चान्या ‘विसरलेली चव’ म्हणून वाढू नयेत, असे मला ठामपणे वाटते. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आली. ती बंदी कुणाच्या ताटावर आली, हे आमच्या गटावर तेव्हाही कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

यंदा गावी गेल्यावर मी आईला घरातल्याच शेगडीवर वजडी करायला लावली. चुना मी लावला, खरवडलीही मीच. शेजारच्या काकू आल्या, तेव्हा आईचा हात झाकणाकडे गेला; मी ते उचलून बाजूला ठेवले आणि काकूंना वाटीत रस्सा दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला आणि त्यांच्या माहेरी यात तीळ वाटून घालत असत, हे त्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात बोलल्या.