वकील करडा हवा, पण अंगाला लागेल इतका नको

तर तुम्हाला हॉलिवुडी थाटाचा लीगल थ्रिलर काढायचाय आणि हिरो कोण तर आरोपीचा वकील, जो करडा, म्हणजे ना काळा ना पांढरा, चांगला की वाईट हे शेवटपर्यंत कळता कामा नये. झकास. काळजी करू नका, यात डोकं फारसं लागत नाही, फक्त मी सांगतो तेवढं करा आणि कायद्याची पुस्तकं कपाटातच राहू द्या.

पहिलं म्हणजे हिरोचा घटस्फोट झालेला पाहिजे. लग्न टिकलेला वकील नैतिक पेचात वगैरे सापडत नाही असा नियमच आहे. एक मुलगी असू द्या, तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला तो पोचत नाही, तेवढ्यावर प्रेक्षकाला कळतं की माणूस आतून चांगलाय पण बिझी आहे. एक्स बायको सरकारी वकील दाखवलीत तर अजून बरं, भांडण आणि केस एकाच सीनमध्ये उरकतात. कोर्टात त्याने उशिरा यायचं, टाय सैल, फाईल न उघडलेली, जज चष्म्यावरून बघणार, आणि हा पहिल्याच प्रश्नात साक्षीदाराला घाम फोडणार. फाईल कधी वाचली हे कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

आता उलटतपासणी. खरे मुरलेले वकील म्हणे उत्तर आधीच माहीत असलेलेच प्रश्न विचारतात, तेही बारीक बारीक. रस्त्यावर दिवा होता ना? तो बंद होता ना? तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर होता ना? चष्मा घरी होता ना? बास, बसा खाली, बाकीचं ज्युरीला नंतर सांगू. पिक्चरमध्ये हे असलं चालत नाही हो. तिथे हिरोने साक्षीदाराच्या नाकाला नाक लावून ‘मग मारलंत कशाला?’ असं ओरडायचं, समोरच्याने ढसाढसा रडत कबुली द्यायची, आणि मागे सरकारी वकील ‘ऑब्जेक्शन’ म्हणेपर्यंत म्युझिक सुरू झालेलं असलं पाहिजे.

ऐनवेळी दार उघडून येणारा पुरावाही हवाच. आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी पक्षाने दाबून ठेवायचा नाही, बचाव पक्षाला द्यायचा, हे अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच सांगून ठेवलंय, पण पाकिटातून आलेल्या पुराव्यात काय मजा? त्यापेक्षा हिरोच्या इन्व्हेस्टिगेटर मित्राला तो शोधायला पाठवा आणि साधारण अर्ध्या पिक्चरला त्याचा खून करून टाका. तो मित्र विनोदी ठेवा म्हणजे मेल्यावर जास्त लागतं.

आणि खटला उभा राहिलाच पाहिजे, हे विसरू नका. २०१२ च्या एका निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टानेच लिहिलंय की दोषी ठरलेल्यांपैकी फेडरल कोर्टात ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टात ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून मोकळे होतात, म्हणजे त्यांच्या बाबतीत ज्युरी नाही, भाषण नाही, काही नाही. वकिलाचं काम बऱ्याचदा कॉरिडॉरमध्येच होतं, ‘मी केलंच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हळू आवाजात सांगायचं की दोन वर्षं घे नाहीतर वीस होतील, विचार करायला दहा मिनिटं आहेत. आता यातला करडेपणा खरा आहे हे मान्य, पण पोस्टरवर काय लावणार? दोन माणसं बाकावर बसून कागदावर सही करतायत?

सगळ्यात महत्त्वाचं कास्टिंग अशिलाचं. श्रीमंत घ्या, देखणा घ्या, आणि शेवटी तो आपल्याला वाटलं त्यापेक्षा दसपट हलकट निघू द्या, हे फार गरजेचं आहे. कारण मग हिरोने त्याचाच विश्वासघात केला, त्याचं गुपित तिसऱ्याच माणसाकरवी बाहेर काढलं, तरी लोक टाळ्या वाजवतात. खऱ्या आयुष्यात असल्या उद्योगाने सनद जाते, पण क्लायमॅक्सच्या आनंदात बार काउन्सिल कुणाला आठवतंय! चुकूनही अशील गरीब, एकोणीस वर्षांचा आणि खरोखरच दोषी घेऊ नका, ज्याला वकिलाने सोडवलं ते केवळ पोलिसांनी वॉरंटशिवाय घर तपासलं म्हणून. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा अमेरिकेत राज्यांच्या कोर्टातही चालणार नाही हे १९६१ पासून ठरलेलंय आणि तो नियम तिथल्या प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरालाही लागू आहे, मग प्रेक्षक घरी जाऊन विचार करत बसेल, आणि विचार करणारा प्रेक्षक सिक्वेल बघत नाही.

कुणीतरी हुशार लेखक येऊन तुम्हाला शिकागोची केस सांगेल, त्याच्यापासून जपून. १९८२ मध्ये तिथल्या एका मॅकडोनाल्ड्समधल्या सिक्युरिटी गार्डचा खून झाला, भलत्याच माणसाला पकडलं. खरा खुनी दुसऱ्याच केसमध्ये आत होता आणि त्याने आपल्या दोन सरकारी खर्चाच्या वकिलांना सांगून टाकलं की तो खून मीच केला. अशिलाचं गुपित फोडता येत नाही. त्यांनी सगळं एका प्रतिज्ञापत्रात लिहिलं, सील केलं, मेटलच्या पेटीत घातलं आणि ती पेटी एकाच्या पलंगाखाली गेली. मी मेल्यावर सांगा, एवढी परवानगी अशिलाने दिली होती, आणि तो मेला २००७ मध्ये. न केलेल्या खुनासाठी आत बसलेला माणूस २००८ मध्ये बाहेर आला, २६ वर्षांनी. आणि त्या दोन वकिलांनी नियम मोडला नव्हता, पाळला होता.

यावर पिक्चर करायचा म्हणजे अवघडच. व्हिलन कोण? जो आहे तो गुपित सांगून मोकळा झालाय. ट्विस्ट कुठे टाकणार? २६ वर्षं दोन माणसं रोज ऑफिसला जातायत, केसेस लढतायत, त्यातला एक रात्री त्याच पलंगावर झोपतोय, आणि दोघेही बहुतेक बऱ्यापैकी चांगली माणसं आहेत. म्हणजे प्रेक्षकाने शिव्या कुणाला द्यायच्या? पैसे देऊन आलेल्या माणसाला शिव्या द्यायला कुणीतरी हवं ना.

तरी प्रोड्युसर हट्टाला पेटला तर दोन बदल करून घ्या. वकील एकच ठेवा, घटस्फोटित. आणि पेटी तिसऱ्याच वर्षी उघडायची, भर कोर्टात, बाहेर पाऊस पडत असताना, ज्युरीसमोर, सनद टेबलावर आपटून, जज सुद्धा डोळे पुसतोय असं. तो आत बसलेला माणूस कुठे घ्यायचा असं विचाराल तर त्याला शेवटी एक सीन द्या, थँक यू म्हणायला.