‘काही झालं नाही’ असं मला सांगू नका

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, ‘प्रत्येक पालकाने वाचावे असे’ हे शीर्षक, आणि खाली सही एका ‘ज्येष्ठ मानसतज्ज्ञां’ची, ज्यांना नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: ऑटिझम असलेल्यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही. युद्ध, दंगली, निवडणुकांच्या बातम्या पाहिल्या की ते बिथरतात. म्हणून टीव्ही, पेपर, मोबाईल लपवा आणि विचारलंच तर ‘काही झालं नाही’ म्हणा. राजकारण त्यांना समजत नाही, त्यांना मतदानाला नेऊ नका. शेवटी ब्राह्मी आणि गाईचं तूप.

आईने खाली हात जोडले. मी 31 वर्षांची आहे, माझं निदान 27व्या वर्षी झालं, आणि त्या ग्रुपमध्ये मीही आहे. हे बहुधा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्याचं दुःख कळतच नसेल, तर बिथरायचं कशाने? मुळात ऑटिझम असलेल्यांसाठीचा ‘स्वमग्न’ हा आपला शब्दच घोळ करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक आपल्यातच गुंग, बाहेरचं यांना काही नाही. माझ्याकडे बाहेरचं सगळं एकदम आत येतं: शेजारच्या कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची घरघर, बोलणाऱ्याचा किंचित बदललेला आवाज. चेहऱ्यावर उमटत नाही, एवढंच. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यात तिघं आमच्या डोंबिवलीची. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. भेटायला आलेल्या एक काकू मात्र म्हणाल्या, ‘हिचं बरं आहे, हिला काही वाटत नाही.’ हवामानासाठी आंदोलन करणाऱ्या, स्वतः ऑटिझम असलेल्या ग्रेटा थुनबर्गने स्वतःच सांगितलंय की हवामानाच्या काळजीने अकराव्या वर्षी तिचं बोलणं आणि खाणं थांबलं, दोन महिन्यांत दहाएक किलो वजन उतरलं. काही न वाटणाऱ्या मुलीचं असं होतं का?

पण माझा खरा राग ‘काही झालं नाही’ या सल्ल्यावर आहे. कारण हा प्रयोग आमच्या घरी होऊन गेलाय, फॉरवर्ड यायच्या आधीच.

9 मे 2025, शुक्रवार. आदल्या रात्री सीमेवर पाकिस्तानचे ड्रोन आले होते, आणि चॅनेलवाल्यांनी कराचीचं बंदरसुद्धा उडवून टाकलं होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी रिमोट जागेवर नव्हता (नंतर कणकेच्या डब्यामागे सापडला), वायफाय ‘बिघडलं’ होतं, पेपर ‘आलाच नव्हता’. मी विचारलं, ‘आई, काय झालंय?’ ‘काही नाही गं, चहा घे.’

पण बाबा आतल्या खोलीत नोटा मोजत होते. ओट्याखाली तांदळाच्या दोन जादा पिशव्या होत्या. पुण्याचा मामा फक्त रविवारी फोन करतो, त्याचा फोन साडेसातला आला आणि आई तो घेऊन गॅलरीत गेली. दार लावून. मी या गोष्टी जोडत गेले. घरातली माणसं खोटं बोलतायत, म्हणजे ते सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं नाही, म्हणजे मुंबईवर पडलंय. ऑफिसला जायचं सोडून दोन तास मी बाथरूममध्ये नळ सोडून, कानांवर हात घेऊन बसले होते. फॉरवर्डवाल्या ज्येष्ठांनी मला तेव्हा पाहिलं असतं तर म्हणाले असते, बघा, बातम्यांनी मेल्टडाउन झाला, ताण अनावर होऊन ताबा सुटला. मी एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

बाहेर काढलं ते भावाच्या एसएमएसने. तो बंगळुरूत असतो. चार ओळी: ‘जम्मू, पठाणकोटकडे ड्रोन आले. मुंबईवर काही नाही. कराचीचं खरं दिसत नाही. पुढचं संध्याकाळी 7 ला कळवतो.’ बातमी चांगली नव्हतीच. पण कुठे, किती, आपल्यापासून किती लांब आणि पुढचं कधी कळणार, हे त्यात होतं. मला सगळ्यात उपयोगी पडली ती चौथी ओळ. 7 वाजेपर्यंत मला काही शोधायचं नव्हतं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. बातम्यांचा अखंड रतीब मनाला घातक असतो, हे खरं आहे. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर अमेरिकेत साडेचार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली. स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी जो तीव्र ताण सांगितला, तो प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. पण ही पाहणी ऑटिझम असलेल्यांची नव्हती, सर्वसाधारण लोकांची होती. मग रिमोट लपवायचाच तर मावशीचा का नाही? तिच्याकडे सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या दुधापर्यंत चॅनेल चालूच असतं.

शिवाय बातमी वेगळी आणि बातमीचा आवाज वेगळा. त्या दिवसांत दर ब्रेकिंगला सायरन वाजत होता. 10 मे ला गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला चॅनेलना सांगावं लागलं की जनजागृतीखेरीज हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खऱ्या सायरनकडे कुणी लक्ष देणार नाही. माझ्या कानांना तर त्याची सवयही होत नाही. यावर उपाय म्यूटचं बटण. पेपर लपवून सायरन थांबत नाही.

मतदानाचं सांगायचं तर कायदा असा: न्यायालयाने एखाद्याला मनोविकल ठरवलं असेल तरच त्या कारणाने नाव यादीतून जातं. ऑटिझमचं निदान म्हणजे तसा निकाल नाही. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेसाठी मी दुपारी दोनला गेले, रांग ओसरल्यावर. केंद्रावरच्या एका बाईंनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, ‘यांना कळतं का?’ आई म्हणाली, ‘तिलाच विचारा की.’ तीच ही आई, म्हणून त्या जोडलेल्या हातांचा जास्त राग आला.

ब्राह्मीबद्दल काही म्हणायचं नाही. तूप मला आवडतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, याच्या निम्मं. मावशी म्हणाली, ‘अगं, मी वाचलाच नव्हता, तसाच पुढे पाठवला,’ आणि तिने तो डिलीट केला. आता तिथे मेसेज हटवल्याची राखाडी ओळ आहे, आणि तिच्याखाली आईचे जोडलेले हात.